नामदेवबद्दल चार वाईट शब्द

पुष्पलता : दारू पितो? आमचा नामदेव? असं तुमी सांगितलं?

चंद्रभान : हळू बोला, पुष्पलताबाई. बाहेर लोक बसलेत.

पुष्पलता : बसू दे. हळू बोलून मासळी खपत नाय, मना सवयच नाय हळू बोलायची.

चंद्रभान : आणि ती टोपली आधी बाहेर ठेवा. ही कचेरी आहे.

पुष्पलता : भायेर तुमच्या कचेरीचं मांजर हाय. तेवढं एकच कामाला लागलेलं दिसलं मना इथं. टोपली माझ्यापाशी राहील. बोला, सांगितलं का नाय?

चंद्रभान : तुम्हाला कोण म्हणालं?

पुष्पलता : त्या नव्या परकल्पाच्या जीपचा डायवर. त्याची बायको माझ्याकडून बोंबील घेते. त्याचा सायेब इथं आला, चा प्याला, आन् तुमाला इचारलं, तुमचा पंपवाला नामदेव आमच्याकडं नोकरी मागतोय, माणूस कसा हाय? तर तुमी म्हणालात, पितो. दुसऱ्या खेपेला परत इचारलं, तर म्हणालात, पिऊन झोपतो पन.

चंद्रभान : हा ड्रायव्हर जीपमध्ये असतो की माझ्या टेबलाखाली?

पुष्पलता : खिडकीखाली असतो. तिथं सावली हाय.

चंद्रभान : हे बघा बाई, मी या नगरपरिषदेचा आस्थापना प्रमुख. या कचेरीत कोणाला घ्यायचं, कोणाला ठेवायचं, कोणाची बदली, कोणाची रजा, सगळं माझ्या डोक्यावर.

पुष्पलता : कोणाला बदनाम करायचं ते पन?

चंद्रभान : तसं नाही हो. माझी अडचण समजून घ्या. कॉलेज यायच्या आधी हे गाव कसं होतं? दिवेलागण झाली की जेवून झोपायचं. आता डहाणूपासून वैतरणेपर्यंतची पोरं इथे खोल्या करून राहतात. रात्री गाणी, पहाटे तालमी, दुपारी मोर्चे. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस नळाला पाणी आलं नाही, तर अख्खं कॉलेज बादल्या बडवत या दारात. एक जण पंचा गुंडाळून माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, प्रमुख साहेब, पाठ चोळा!

पुष्पलता : चोळलीत?

चंद्रभान : विषय तो नाही! त्या दिवशी नामदेव तापाने फणफणला होता, म्हणून पंप बंद. दुसऱ्या दिवशी तो तापातच आला आणि पंप सुरू केला. तेव्हाच मी ठरवलं, हा माणूस मरेपर्यंत इथून हलता कामा नये.

पुष्पलता : मरेपर्यंत! वा रं कौतुक!

चंद्रभान : मनापासून सांगतोय.

पुष्पलता : आन् तो मासवणचा बन्सी? हजेरी लावून जायचा तो एकदम पगाराला उगवायचा. त्याला कसा घेतला परकल्पात?

चंद्रभान : त्याच्याबद्दल मी चांगलं बोललो.

पुष्पलता : महादू?

चंद्रभान : त्याच्याबद्दल अतिशय चांगलं बोललो. डोळे भरून आले होते साहेबांचे.

पुष्पलता : म्हणजे जो राबतो त्याला खोडा, आन् जो लोळतो त्याला पालखी?

चंद्रभान : असंच म्हणा हवं तर. पण कचेरी चालवायची म्हणजे काय काय करावं लागतं, तुम्हाला नाही कळायचं.

पुष्पलता : मना एवढं कळतं की काल माझी जाऊ इचारत होती, पुष्पे, कधीपासून पितो गं? मी म्हटलं, कोण? तर म्हणते, लपवू नको, अख्ख्या बाजाराला ठाऊक हाय. सायेब, त्या माणसानं आयुष्यात ताडीला बोट लावलं नाय. सासरा माझा तांडेल, बोटीचा म्होरक्या, सगळे दीर बोटीवर. हा एकटा यंत्रापाठी लागला. सासरा बोलला होता, जा, लोखंडाच्या जाळ्यात मासा गावतो का बघ. आज परकल्पात लागला तर पक्की खोली मिळंल, म्हाताऱ्याला दाखवता येईल. आन् तुमी त्याला बेवडा केलात.

चंद्रभान : तेवढं चुकलं. त्याचं वाईट वाटतं मला.

पुष्पलता : वाटून काय करू? आज तो सायेब येणार हाय. खरं सांगा त्याला. माझ्यासमोर.

चंद्रभान : आणि नाही सांगितलं तर?

पुष्पलता : तर नामदेव उद्यापासून घरी बसंल. कॉलेजच्या पोरांना मी सोता जाऊन सांगीन, का बसला ते. बादल्या अजून हायत त्यांच्याकडं.

चंद्रभान : बाई, तुम्ही मासळी विकता की राजकारण करता?

पुष्पलता : बाजारात दोनी करावं लागतं.

(बाहेर जीप थांबते. पुष्पलता टोपली घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसते आणि पदर पुढे ओढून घेते.)

कमलाकांत : नमस्कार चंद्रभानराव! येऊ का?

चंद्रभान : या या, कमलाकांतसाहेब. बसा. चहा सांगतो.

कमलाकांत : सांगाच. इथल्या चहासाठीच तर येतो. या बाई कोण?

चंद्रभान : त्या? मासळीवाली. अध्यक्षांच्या घरी द्यायची आहे, म्हणून थांबलीय.

कमलाकांत : बरं. (चहा येतो.) मी फार वेळ घेत नाही. तुमच्या त्या नामदेवचं शेवटचं विचारायला आलो. आमची नवी वसाहत उभी राहतेय, पंप बसलेत, ते सांभाळायला माणूस पाहिजे. तुम्ही दोनदा म्हणालात, पितो आणि झोपतो. तेच कायम ना?

चंद्रभान : नाही.

कमलाकांत : नाही?

चंद्रभान : माझा गैरसमज झाला होता. सदर कर्मचारी निर्व्यसनी, वक्तशीर आणि अत्यंत प्रामाणिक आहे. असा माणूस मी नोकरीत पाहिलेला नाही. घेऊन जा, साहेब. तुमचं भाग्य उजळेल.

कमलाकांत : अरे अरे.

चंद्रभान : काय झालं?

कमलाकांत : घोटाळा केलात की हो तुम्ही.

चंद्रभान : मी खरं सांगतोय.

कमलाकांत : तुम्ही बन्सीबद्दल काय म्हणाला होतात? आमच्या कचेरीचा खांब. खांबच निघाला. जिथे उभा करावा तिथे संध्याकाळपर्यंत टेकून असतो. महादूला म्हणालात मनमिळाऊ. आहे. दिवसभर सगळ्यांना मिळवून पत्ते खेळतो.

चंद्रभान : इथे असताना दोघेही फार...

कमलाकांत : राहू द्या. मी काही रागावलो नाही. उलट एक सोपा नियम करून टाकला. तुम्ही ज्याची स्तुती कराल, त्याला घ्यायचं नाही. तुम्ही ज्याच्या नावाने बोटं मोडाल, त्याला सोडायचं नाही. आजपर्यंत एकदाही फसलो नाही. नामदेवला तुम्ही दोनदा शिव्या घातल्यात, मी अगदी खुशीत होतो. आज त्याच्या नेमणुकीचा हुकूम खिशात घालून आलोय.

चंद्रभान : खिशात?

कमलाकांत : हा बघा. आणि तुम्ही त्याला एकदम देवमाणूस करून टाकलात! आता मी काय समजू?

चंद्रभान : म्हणजे... तसा पितो हो तो.

कमलाकांत : आता काय उपयोग?

चंद्रभान : झोपतो. बसल्या बसल्या झोपतो. घोरतो!

कमलाकांत : चंद्रभानराव, तुमचं कुठलं बोलणं उलटं आणि कुठलं सुलटं, हे आता मला कळेनासं झालंय. राहू दे. दुसरा माणूस बघतो.

पुष्पलता : थांबा, ओ सायेब!

कमलाकांत : काय हो बाई? तुम्ही ओळखता का त्याला?

पुष्पलता : ओळखते? भोगतेय! घरवाला हाय माझा.

कमलाकांत : अच्छा, म्हणजे मासळी अध्यक्षांची नव्हे. मग बाई, माफ करा, बायको नवऱ्याची स्तुतीच करणार. त्यावर मी काय जायचं?

पुष्पलता : स्तुती? त्याची? जळली मेली स्तुती! रात्री उशाला मी असते, पन त्याचा कान पंपाकडं. आवाज जरा बदलला का उठून चालला, पायात वहाणसुदिक घालत नाय. माझ्या भावाचं लगीन, हळद लागायच्या टायमाला म्हणतो, पुष्पे, पंपाचा वायसर गेलाय, बदलून आलो. वरात निघून गेली, पाव्हणे जेवून उठले, तेव्हा हा आला काळे हात घेऊन.

कमलाकांत : पंप चालू झाला होता का?

पुष्पलता : झाला होता, आग लागो त्याला! सगळे खलाशी नाचत होते आन् हा उभा, हातात पाना. सायेब, एक घोट प्याला असता तर निदान नाचला तरी असता! मी माज्या आयेला तोंड कसं दाखवायचं?

चंद्रभान : साहेब, बाई रागात आहेत, तुम्ही मनावर...

कमलाकांत : मध्ये बोलू नका. सांगा बाई.

पुष्पलता : नारळी पुनवेला मना लुगडं नाय. पंप पुसायला मातर फडकं पायजे, ते पन मऊ! माजं जुनं लुगडं न इचारता फाडलंन्. मी भांडायला उभी राहते, तर हा ऐकून घेतो, आन् सगळं ऐकून झालं का म्हणतो, पुष्पे, खोबरेल हाय का थोडं, ग्रीस संपलंय. अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं? बाकीच्यांचे घरवाले पिऊन येतात, मारतात, त्यांच्या बायका चार जणींत बसून रडतात तरी. मी काय सांगून रडू?

कमलाकांत : पुरे, बाई, पुरे.

पुष्पलता : अजून लय हाय.

कमलाकांत : असू दे. इतकी वर्षं माणसं निवडतोय, पण अशी शिफारस कानावर आली नव्हती. घ्या हा हुकूम. एक तारखेला या म्हणावं.

पुष्पलता : आन् खोली?

कमलाकांत : मिळेल. कुंभवलीच्या बाजूला.

पुष्पलता : नळ हाय?

कमलाकांत : नळ आहे. पाणी नाही. म्हणून तर तुमचा नवरा पाहिजे.

पुष्पलता : देव तुमचं भलं करो, सायेब. ही दोन पापलेटं घेऊन जा.

कमलाकांत : नको नको. उगाच कोणी म्हणेल, पापलेट घेऊन नेमणूक दिली. बरंय चंद्रभानराव, निघतो.

चंद्रभान : साहेब, एक मिनिट. ते... माझ्याबद्दल काही?

पुष्पलता : तुमच्याबद्दल?

कमलाकांत : हो, बोलायचंच राहिलं. बाई, यांनीही आमच्याकडे अर्ज दिलाय. आस्थापनेच्या जागेसाठी.

पुष्पलता : तुमी पन? आन् आमच्याला मरेपर्यंत इथं ठेवणार होतात!

चंद्रभान : तुम्ही जरा गप्प बसा. साहेब, तिकडे क्वार्टर मिळते म्हणून म्हटलं... घरच्यांना आणता येईल.

कमलाकांत : रीतीप्रमाणे मी तुमच्या अध्यक्षांना विचारलं.

चंद्रभान : काय म्हणाले?

कमलाकांत : अतिशय चांगलं बोलले हो. कर्तव्यदक्ष, मितभाषी, विश्वासू. म्हणाले, ताबडतोब घेऊन जा. जीपचं पेट्रोल लागलं तर आम्ही घालू.

चंद्रभान : असं म्हणाले?

कमलाकांत : अगदी असंच. येतो मी. चहा छान होता.

पुष्पलता : गेला. सायेब, पानी देऊ का?

चंद्रभान : नको.

पुष्पलता : वाईट वाटलं?

चंद्रभान : वाईट कशाचं? चांगलं बोलले अध्यक्ष.

पुष्पलता : म्हणूनच इचारते.

चंद्रभान : कामाची सगळी माणसं धरून ठेवली मी इथे, बाई. एकेकाला. वाटलं होतं, मी जातो म्हटल्यावर कोणीतरी म्हणेल, हा माणूस पितो.

पुष्पलता : घरच्या कुठं असतात तुमच्या?

चंद्रभान : साखरबाई? सिन्नरला, आईपाशी. मुलं तिथेच शिकतात. इथे भाड्याच्या खोलीत कुठे आणू?

पुष्पलता : भांडत नाय का तुमच्याशी? मना न्या म्हणून?

चंद्रभान : आधी भांडायची. गेलो की दारातच सुरू करायची. आता नाही. आता म्हणते, आमचं छान चाललंय, तुम्ही काळजी करू नका.

पुष्पलता : छान चाललंय म्हणते?

चंद्रभान : हो.

पुष्पलता : हे लय वाईट, सायेब.

चंद्रभान : आज पहिल्यांदाच मला तसं वाटलं. असो. एक तारखेला नामदेव जाणार, दोन तारखेला पोरं बादल्या घेऊन दारात. ते बघायला हवं.

पुष्पलता : तोवर नामदेव कोणाला तरी शिकवून तयार करंल. तसं केल्याबिगर त्याचा पाय निघायचा नाय, मी वळखते त्याला. तुमी दोन तारखेला इथं कशाला? सिन्नरला जावा. भांडण होईपर्यंत राहा.

चंद्रभान : रजा लागेल त्याला.

पुष्पलता : रजा कोण देतं?

चंद्रभान : सगळ्यांच्या रजा मीच मंजूर करतो.

पुष्पलता : तुमची पन?

चंद्रभान : माझीही. पण मी कधी मागितलीच नाही.

पुष्पलता : मग मागून बघा की एकदा. देणारा माणूस लय वाईट हाय, पन देईल.