छातीवरची रेघ

—नको बाबा, तो उकडलेला तारोचा कंद तुम्हीच खा. डॉक्टरीण काय म्हणाली? तेच — बाळाच्या हृदयाच्या पडद्याला भोक आहे, फुप्फुसाकडची वाटही अरुंद, म्हणून दूध ओढताना ओठ निळे पडतात. विमानानं ऑकलंडला न्यायचं, तिथं शिवतील. मग तिनं विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का? तुमची लेक म्हणाली, आमच्याकडे नाही — आणि माझ्याकडे बघितलं. मीही म्हटलं, नाही.

असं काय बघता? छातीवरचा वण ना — तो प्रवाळाचा. लहानपणी खडकावर पडलो होतो. मेलेआनाला मी लग्नाआधीच सांगितलंय, तिनं एका शब्दानं विचारलं नाही पुन्हा. बिचारी. आता प्रवाळ कधी एवढी सरळ रेघ ओढतो का हो, गळ्याच्या खळगीपासून खाली पोटापर्यंत? — हो. सुरीचीच आहे. चार वर्षांचा होतो, ऑकलंडलाच नेलं होतं. हेच दुखणं. आमच्या हापाईच्या बेटांवर सगळ्यांना ठाऊक — रग्बीला घेत नसत, फुटक्या काळजाचा म्हणायचे, एका घरानं तर तोंडावर सांगितलं, तुला मुलगी देऊन आम्ही काय तिला विधवा करू? म्हणून तर तुमच्या वावाऊ बेटावर आलो. इथं ओळखणारं कुणी नव्हतं, आणि तुम्हीही एवढंच विचारलंत, होडी ओढता येते का. ओढली की मी. रोज ओढतो.

ते जाऊ द्या. सकाळपासून ती एकच विचारतेय — अशी पोरं जगतात का? नर्सला विचारलं, पाद्र्याला विचारलं, लादी पुसणाऱ्या बाईलासुद्धा विचारलं. मग मला. आणि मी, हा असा धडधाकट बाप्या, तिच्याशेजारी बसून काय म्हणालो? देवाची इच्छा. सदऱ्याची दोन बटणं काढली असती तरी पुरे होतं, बाबा. तेवढंही झालं नाही माझ्याच्यानं. लाज राखली — आणि कुणापुढं, तर तिच्यापुढं.

रागवा तरी.

नका — तुम्ही उठू नका. तुमच्या तोंडून कळलं तर ती मला — नाही, मलाच सांगू द्या. तुम्ही बाहेरच बसा. बसा म्हणतो ना.

मेलेआना, जागी आहेस? बाळाला खाली ठेवू नकोस, तसंच धर. तू मघाशी विचारत होतीस ना — जगतात. ऐक तरी, जगतात. मी —