नांग्या कोणी भरल्या

माहेर माझं साक्रीकडचं, डोंगराच्या अंगाला, आणि लग्न करून आले ती अमळनेरजवळच्या या गावात, तेव्हापासून हातात खुरपंच. तुम्ही जळगावच्या ताई, माझं लिहून घ्यायला आलेल्या, म्हणून जरा तुमच्यासारखं बोलते, मधीच अहिराणी निघाली तर निघाली, मी काय करू. निंदणीच्या बायांची टोळी होती आमची, तिची मुकादमीण मी. कोणाच्या वावरात आधी जायचं ते मी ठरवायची, आणि मोठमोठे नाना-आबा दारात येऊन उभे राहायचे, अक्का, उद्या आमच्याकडे या ना.

मग गवत मारायचं औषध आलं. आता त्याला औषध का म्हणतात देव जाणे, पण बठ्ठे, सगळे लोक, औषधच म्हणतात. एक माणूस पाठीवर पंप घेऊन सकाळी शिरला की दुपारपर्यंत आमच्या टोळीचं आठवड्याचं काम संपलं, आणि नाना-आबा आम्हाला ओळख देईनात. मधी एक साल त्या औषधाचा भाव असा चढला की दुकानदार कॅन मागच्या खोलीत ठेवायचा, ओळखीच्यालाच द्यायचा, म्हणे चीनमधले कारखाने बंद शेत, आमचं शेत म्हणजे तुमचं आहेत, जहाजं अडकली शेत, कुठे लढाई लागली शे. आम्ही कुठे पाहिला चीन? पण त्या साली तेच नाना परत दारात. मी म्हटलं, का हो नाना, घर सापडलं का आमचं? पुढे भाव उतरला, नाना पुन्हा गायब. काय सांगू तुम्हाला, चीनमधल्या कारखान्यावर माझी चूल पेटायची की नाही ते ठरायला लागलं.

तर यंदा माझ्याच पोराने चोरबीटी पेरलं. बटाईने घेतलंय वावर. चोरबीटी म्हणजे असं की गुजरातकडून येतं ते बी, पावती नाही, काही नाही, पण त्या कापसावर औषध मारलं तर गवत मरतं आणि कापूस तसाच उभा. साधा कापूस असला तर गवतासोबत तोही मरतो. मला राग आला, का नाही येणार, मी म्हटलं अरे, मायचा धंदा मोडणारं बी मायच्याच घरात आणतोस? तो म्हणे, यंदा औषध स्वस्त शे, बायांची मजुरी कोण देईल. जाऊ द्या म्हटलं, त्याचं वावर, त्याची अक्कल.

आता झालं असं की खालच्या अंगाला पाणी तुंबलं, तिथलं बी उगवलंच नाही. अशा रिकाम्या जागी पुन्हा बी टोचतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. पोरगा होता धुळ्याला, ट्रॅक्टरच्या कामाला. सुनेने पाहिलं, नवऱ्याने आणलेलं बी तर संपलं, कोठीत मागच्या सालचं साधं पाकीट पडलेलं, तेच तिने टोचलं. पोरगी रावेरकडची, केळीच्या मुलखातली, तिला वाटलं कापूस म्हणजे कापूस. नवरा आला, चांगला उगवला म्हणाला, पंप भरला आणि बठ्ठ्या वावरावर औषध मारून मोकळा झाला.

ते औषध लगेच मारत नाही, ताई, हेच वाईट त्याचं. गवत हळूहळू पिवळं पडतं. मी आणि सून बघायला गेलो तर वरचा कापूस हिरवागार आणि खालच्या अंगाला गवतासोबत कापसानेही मान टाकलेली. सून तिथेच खाली बसली. म्हणे आत्या, ते मी लायेल शे. मला कळलं ती कशाला भ्याली. मागे नुसती म्हैस सुटली म्हणून पोरगा तिला रावेरला सोडून आला होता, अख्खा पावसाळा आणायला गेला नाही, आणि आता तर कडेवर लेकरू. मी म्हटलं तू गप ऱ्हाय.

घरी आलो तर खालचा कापूस मेला हे पोराला कोणीतरी आधीच सांगितलेलं. डोळे लाल, हातात काठी, निघाला बी देणाऱ्याकडे, मला नकली बी दिलं म्हणे, आज त्याला सोडत नाही. गेला असता तर तो माणूस म्हणाला असता, वरचा कापूस कसा जगला मग, खाली कोणी कोणतं बी टोचलं ते घरात विचार. मी दारात आडवी झाले.

त्याले काही म्हणू नको. नांग्या मी भऱ्यात, साधं बी टोचीसन.

मला वाटलं ओरडेल, आदळआपट करेल. तर तो थांबला. आणि हळूच म्हणाला, तुले तुना धंदा वाचाडना व्हता ना, माय.

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी माझ्या पोराचं पीक जाळेन, खुरप्यासाठी? तोंडापर्यंत आलं होतं. पण मागे सून उभी, लेकराला छातीशी धरून. मी म्हटलं, हो.

गावात बोलून बसला तो. टोळीतल्या बाया हसतात, बरं केलंस म्हणतात, त्यांनाही खरंच वाटतं. खालच्या अंगाला पुन्हा पेरलंय, तूर, आणि तिथे निंदणी आम्ही दोघी सासू-सुना करतो. पोरगा माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसतो, भाजी मायने केलेली असली तर ताट सरकवतो. सुनेशी मात्र बोलतो, परवा तिला सोबत घेऊन अमळनेरच्या बाजारात गेला, लेकराला टोपडं आणलं.

सुखात राहोत दोघं. तुम्ही हे छापाल तेव्हा गावाचं नाव घालू नका, ताई. कोणी वाचून त्याला सांगायचं, आणि त्याला कळायचं की मायने तसं केलं नव्हतं.