सोनेरी राक्षस शरदचा नाही

अकरा तारीख, शुक्रवार, दुपारचे सव्वाचार. वेळ मी लिहून ठेवली आहे. त्या वेळी माझ्या धाकट्या भावाचं, शरदचं, शेवटचं काम गाड्या रंगवायच्या गॅरेजमध्ये नेऊन बुडवलं गेलं.

मंडळी, तुम्ही धूलकोटहून, बहादरपूरहून हातातली कामं टाकून आलात. बोलणं जड जातंय. शोकसभेत रागावू नये, असं मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं. खोटं बोलू नये, हेही त्यांनीच शिकवलं. आज दोन्ही एकदम जमत नाही.

शरद आपल्या बुधवारा पेठेतला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश बसला. मग माझ्या मुलीने परदेशातून त्याला रंगवायला एक राक्षस पाठवला. रेझिनची, म्हणजे प्लास्टिकसारख्या राळेची कोरी मूर्ती, पंखांसकट हातभर. सोबत एअरब्रश. पेनाएवढं यंत्र, हवेच्या दाबाने रंगाचं नुसतं धुकं सोडतं. चार महिने शरद त्या राक्षसापाशी बसला. पाण्यासारखा पातळ थर. तो वाळला की दुसरा. टेबलावर एक केळं ठेवायचा आणि ते पिकताना बघायचा. म्हणायचा, हिरव्याचा पिवळा कुठे होतो ती जागा सापडत नाही, मग राक्षसाच्या पोटावर ती का सापडावी? मी म्हटलं, केळं खाऊन टाक, राक्षस काही पिकणार नाही. हसला.

जाण्याच्या आठवडाभर आधी त्याने तो माझ्या हातात दिला. पंखांखाली काळसर होतं. मी म्हटलं, इथे रंग राहिला.

“राहिला नाही, आक्का. तिथे ऊन पोचत नाही. झालं हे. आता हात लावायचा नाही.”

ऐकलंत? झालं हे.

दहाव्याला तापीच्या घाटावर तासभर कावळा पिंडाला शिवेना. कोणीतरी म्हणालं, राक्षस अर्धा राहिला, जीव त्यात अडकलाय. शरदच्या मुलाने, मुकुंदाने, हात जोडून वचन दिलं की मी तो पूर्ण करतो. कावळा शिवला. सगळे सुटले. मला कोणी विचारलं? घाटावर बायकांना नेत नाहीत, ठीक. पण फोन तर प्रत्येकाच्या खिशात होता.

त्याच दुपारी गॅरेजमध्ये मोटारीचा सोनेरी रंग, मोठ्या स्प्रेगनने, एका दमात. केळं गेलं, ऊन गेलं, सावली गेली. मुकुंदाला विचारलं तर म्हणाला, “आत्या, पप्पांचं काम अधुरं होतं ना. पूरं करून दिलं. बघा, किती चमकतंय.” सांगताना रडत होता. पोरगा वाईट नाही. म्हणून माझा राग कमी होत नाही. तो रंग आता निघणार नाही. थिनर लावला तर खालचे शरदचे थरही विरघळतील.

आणि आज तोच राक्षस इथे फोटोशेजारी, हार घालून. समोर कार्ड: शरद यांची अखेरची कलाकृती.

कोणाची?

मी तीस वर्षं कचेरीत टपाल घेतलं. तोंडी ‘चुकलं’चं काय होतं ते मला ठाऊक आहे. मुकुंदा, आणि ज्याने त्याला घाटावर सुचवलं तो, दोघांनी लिहून द्या: मूर्ती पूर्ण होती, वरचा रंग आमचा आहे, शरदचा नाही. तो कागद त्या कार्डाच्या जागी लागेल. येत्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. मी घरीच आहे.

शरद, तुला नमस्कार. मंडळी, आता उभे राहा. कार्ड मी काढून घेते आहे, तेवढा वेळ कोणी बोलू नका.