तिचं नाव रेडिओनं घेतलं

मंडळी, मी नामदेवरावांची थोरली वयनी, गयाबाई. बाया सभेत बोलत नाहीत, असं आताच मांगून कोनीतरी म्हनलं. ऐकलं मी. तरी बोलते. मधातच थांबले तं थांबू द्या.

आमची धाकली जाऊ गेली. तीन दिवस तापानं फणफणली अन् गेली. सरपंच म्हनले, बाई अबोल होती, सोशिक होती. सरपंच, तुमी मोठे मानूस. पन तुमी कोन्या बाईचं बोलून राह्यले? आमची जाऊ अबोल नोती.

ह्या ग्रामपंचायतीत रेडिओ आला तो शेतीच्या बातम्यांसाठी. पन आठवड्यातून एकदा सिनेमाच्या गान्यांचे नंबर सांगनारा कार्यक्रम लागे. मानसं आत सतरंजीवर बसत. आमी बाया मांगच्या भिंतीले, गवऱ्यांजवळ. दुसऱ्या दिवशी निंदतांनी ती सारं सांगे. कोनतं गानं चढलं, कोनतं घसरलं, कोन्या गायिकेचा दम कुठं तुटला. गेल्या दहा वर्षांतले पयल्या नंबरचे सारे गाने तिले पाठ होते. तुमी म्हनता, सिनेमाच्या गान्यानं बाया बिघडतात. कोनती बिघडली? ऐकता ऐकता वावरातलं तन कधी निघे ते आमाले समजत नोतं.

एक गानं तिच्या लय जीवाचं. तीन आठवडे दुसऱ्या नंबरवर बसलं, पयलं आलंच नाही. ती म्हने, "जाऊबाई, ढोलकी जोरात वाजली का लोक पयला नंबर देतात. ह्या बाईनं हळू म्हनलं, म्हनून मांग राह्यली." चवथी शिकेल होती ती. तिनं त्या गान्यासाठी रेडिओले पत्र लिहलं. खाली सही केली.

अन् एका दिवशी रेडिओवाल्यानं तिचं नाव घेतलं. समुद्रापलीकडून बोलनाऱ्या मानसानं. आठवते का तुमाले? आत सारे गप्प झाले. मंग कोनीतरी उठून रेडिओचा कान पिळून तो बंद केला. बाईचं नाव चारचौघात निघालं म्हने. त्याहून मोठा राग कायचा, तं त्यानं आपल्या उमरदरीले अमरदरी म्हनलं. गावाची इज्जत गेली, उंद्रीच्या बाजारात लोक हसतीन म्हने.

मी पन कमी नोती. आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी भाकर थापता थापता तीच म्हने, "गाव चुकलं त्याचं. पन माह्यं नाव बरोबर घेतलं नं जाऊबाई?"

मले तवा काही समजलं नाही. आज समजलं, ही पाटी पाह्यली तवा. काय लिहलं इथं? "श्री. नामदेवराव यांच्या सौभाग्यवतीस देवाज्ञा." तिचं नाव कुठं हाये? काऊन नाही? उखाण्यात तिनं शंभरदा नवऱ्याचं नाव घेतलं. तिचं कोनं घेतलं? मी म्हनलं धाकली. पोरं म्हनली माय. भाऊजी, तुमी भले मानूस. त्या गोंधळानंतर तुमीच चिखलीच्या बाजारातून तिच्यासाठी गुपचूप पोस्टकार्डं आनली, हे मले माहीत हाये. पन तुमी बी जनमभर "अवं" म्हनलं. ह्या गावात तिचं नाव एकदाच मोठ्यानं निघालं, अन् तेही परक्या मानसाच्या तोंडून.

खडू द्या इकडं. नाही, गुरुजी, तुमी बसा. मीच लिहते. अक्षरं मले तिनंच शिकवली, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून. वळन वाकडं येईन, येऊ द्या.

अनसूया.

लिहलं. कोनाले पुसाचं असन त्यानं माह्यासमोर पुसावं.

भाऊजी, एकदा तिचं नाव म्हना. नाही म्हनवत? राहू द्या, रडून घ्या. मी म्हनते.

आता उठा सारे. त्या दिवशी तिचं नाव निघालं तवा तुमी इथंच गप्प झाले होते. गप्प राहता येते तुमाले, मले माहीत हाये. आजही तसेच दोन मिनिटं गप्प राहा. पन मान खाली घालू नका. पाटीकडं पाहा, अन् वाचा.

उमरदरीची अनसूया.