डोळं वटारल्यालं न्हाईत

आवं ताई, अशा लांब सरकू नका — मी तुमच्यावर डोळं वटारल्यालं न्हाईत, आजारच हाय त्यो! थायराईडनं असं भाईर आल्यात, पापण्याबी नीट मिटत न्हाईत. पर मज्जा सांगू का? लय मज्जा! सासूबाई म्हणाल्या, सून माझ्याकडं खाऊ का गिळू बघती — आन रुसून पलूसला लेकीकडं गेल्या की, म्हैना झाला! परवा यष्टीत एक बाप्या खिडकीची जागा सोडून उठला, मी तोंडातनं एक शबूद काढला नव्हता! आन आता तर दोन-दोन दिसाय लागलंय. काल मालक दारात उभं, तर मला दोन मालक! म्हणलं, देवा, एकाला भाकरी थापता थापता बावीस वर्सं गेली, आता दोघांचं कोण करनार? — हसा की वो, मीबी लय हसले.

तुमची साडी तांबडीच हाय न्हवं? मला मेली विटल्यावाणी दिसती. हां, तेबी आज डाक्टरीणबाईंला सांगायचं हाय. मागल्या टायमाला लय बोलल्या त्या — गोळी चुकवू नका, आन घरात विडी-सिगरेटीचा धूर अजिबात नको, धुरानं हे डोळं लय बिघडत्यात, नजर जायाची येखांद्या वेळी. कोण वढतं का घरात? म्हणलं, छ्या, कोण न्हाई!

ते बघा, गेटापाशी लिंबाखाली, निळी टोपी — तेच आमचं मालक. व्हय, विडीच हाय हातात. न्हाई, त्येनला यातलं कायबी सांगितलं न्हाई मी. का म्हंजी? ताई, दिवसभर तासगावात बेदाण्याच्या शेडवर असत्यात, घरी आलं की जेवान, मोबाईल आन घोरणं. पर जेवल्यावर सोप्यात बसून दोन विड्या वढत्यात, आन तवाच हाक मारत्यात — "लीले, बस गं जरा." तेवढाच अर्धा तास. शेडवरचं सांगत्यात, माझी थट्टा करत्यात, मीबी खिदळती पोरीवाणी. विडी बंद झाली तर मला कशाला बसवून घेतील? डोळं काय, दोन हायती.

आवं, कुठं निघाला? ताई! बसा की — आवं थट्टा केली मी, सांगू नका त्येनला, तुमच्या पाया पडते — अगं बया बया, गेली की ही बाई! सांगती… हात करून दाखवती माझ्याकडं… टाकली! विडी टाकली त्येनी. बंडलबी टाकला गटारात. डोक्याची टोपी काढली… टोपीनं तोंड पुसत्यात. इकडंच याया लागल्यात.

लय वाईट हाय वो तुमी ताई. आता परत हितं कशाला बसताय? उठा, उठा, पलीकडच्या बाकावर बसा जावा — त्येनला माझ्याजवळ बसायचं हाय.