तुलसाची साडी

आमगावच्या एसटी स्टँडवर उमराव बसची वाट पाहत होता. मागच्या बाकावर दोन जावा बसल्या होत्या. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

"तुह्या नीतूले माता निघाली, तुलसा, अन् तू काऊन माहेरी बसून राहिली?"

"माह्या लुपसच्या आजाराच्या गोळ्यांनं अंगात रोगाशी लढाची ताकद उरत नाही, जाऊबाई. कांजण्या लागल्या तं जिवावर बेतंल, म्हणे डॉक्टर."

"कडूलिंबाचा पाला मायनंच फिरवा लागते. पोरगी दाराकडं पाहून राहते."

"ही माही साडी न्या. धुतली नाही. नेसून तिच्या उशाशी बसा, अन् तुम्हीच पाला फिरवा."

उमरावची बस लागली. तो उठला नाही.

"अन् तिनं माय म्हणून हाक मारली तं?"

"ओ द्या."