धातूसर आणि उझबेक क्रियापदं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय प्राचार्यबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे धातूसर, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेआधीच पटकावलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सरांना एक क्रियापद समजावायला तास पुरत नसे, तिथे माझी काय कथा? इंग्रजी आणि उझबेक क्रियापदांची तुलना, हा सरांचा जन्माचा ध्यास. 'मी येत नाहीये' म्हणायला इंग्रजीत सुटे शब्द ओळीने मांडावे लागतात. उझबेकमध्ये 'केलमयापमन' म्हटलं की झालं. आधी येणं, मग नकार, मग काळ, आणि सगळ्यात शेवटी मी. सर म्हणायचे, "इंग्रजी चार पिशव्या घेऊन निघते, उझबेक एकच गाठोडं बांधते." आम्ही कँटीनमध्ये विचारायचो, "सर, या गाठोड्याला बाजारात भाव काय?" सर नुसते हसायचे.

सर, दाराकडे बघू नका, आवरतोय मी.

गेल्या वर्षी वहिनींना पक्षाघात झाला. उझबेक ही त्यांची माहेरची भाषा, पण आपल्याशी त्या कायम इंग्रजीतच बोलल्या. ते इंग्रजी पार पुसलं गेलं. माहेरची भाषा तेवढी उरली, तीही तुटकी. शब्द अर्ध्यावरच थांबतो. हवंय की नकोय, दुखतंय की दुखत होतं, हे पुढच्या तुकड्यात असतं आणि तो तुकडा ओठांवर येत नाही. तो ओळखणारा माणूस या गावात एकच आहे, आणि त्याला आपण मघापासून पुष्पगुच्छ देऊन इथे बसवून ठेवलंय.

आत्ता वहिनींजवळ शेजारच्या मावशी आहेत. माणूस लाखमोलाचं, पण वहिनींचं बोलणं त्यांना कळत नाही. मघाशी सरांचा फोन थरथरला. सरांनी तो खिशातच दाबला. परत थरथरला. मी शेजारीच होतो.

सत्कारमूर्तींनी शेवटी बोलायचं आणि तोवर हलायचं नाही, हा आपला शिरस्ता. अजून अर्धे वक्ते बाकी आहेत. कुणासाठी बोलणार आहोत आपण?

सर, उठा. शिपाईमामांनी गाडी दाराशी आणलीय. काय म्हणालात? बरं दिसत नाही? ते आमच्यावर सोडा.

प्राचार्यबाई, कार्यक्रम मोडला तो मी मोडला, बोल मलाच लावा. ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. आणि मंडळी, टाळ्या नंतर वाजवा. आधी मधली वाट मोकळी करा.